हात खाली गेला की

सुरुवातीलाच माफी मागतो. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी घर सोडण्याच्या आठवणी लिहून द्या, असं मराठीच्या मॅडमनी वर्गात सांगितलं तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही आणि अर्जापेक्षा मोठं काही मी आजवर लिहिलेलं नाही. शिवाय घर सोडून लांब गेली ती माझी बहीण. मी शिरोळजवळच्या आमच्या गावातून कोल्हापूरला आलो, म्हणजे एसटीनं दीड-दोन तास. ती आठ देशांत जाऊन ज्युदो खेळून आली. लिहायचा मान खरं तर तिचा. पण जे लिहायचं आहे ते तिनं केलेलं नाही, मी केलेलं आहे. म्हणून धाडस करतोय. गावाकडची माणसं हे वाचतील, गाव सोडून गेलेलीही वाचतील. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघांनी एकाच दिवशी घर सोडलं. त्रिशला माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी. उत्तरेतल्या एका मोठ्या ज्युदो प्रशिक्षण केंद्रात तिची निवड झाली होती आणि मिरजेहून तिची रेल्वे होती. मला कोल्हापूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हजर व्हायचं होतं. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मुद्दाम एकच दिवस ठरवला. "दोघास्नी एकदमच काढू. तुमच्या आईचं रडणं एका खेपंत तरी उरकंल," असं ते म्हणाले होते.

निघताना आईनं तिच्या हातावर दही-साखर ठेवली. मग माझ्याकडं वळली तर वाटी रिकामी. आईनं वाटीच्या कडेला चिकटलेलं बोटानं पुसून घेतलं आणि ते बोट माझ्या तळहाताला लावलं. "तू काय रं, हाकंवर तर चाललाईस," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण ते बोट मी अजून विसरलेलो नाही.

गावच्या स्टँडवर एवढी माणसं जमली होती की कंडक्टरनं खाली उतरून विचारलं, "पावणं, लगीन हाय का काय?" तालमीतले वस्ताद आले होते. डेअरीला दूध घालायला निघालेले लोक किटल्या हातात घेऊन तसेच थांबले होते. त्रिशलाच्या गळ्यात हार होता. तिची निळी बॅग माझ्या खांद्यावर होती आणि माझी ट्रंक भिंतीकडेला होती, तिच्यावर दोन म्हातारे बसले होते. माझी गाडी आधी लागली. म्हाताऱ्यांना उठवून मी ट्रंक ओढली, तर त्यातला एक म्हणाला, "आरं, तूबी चाललाईस व्हय? कुठं?" गाडी हलल्यावर खिडकीतून पाहिलं. सगळी तोंडं दुसरीकडं वळलेली. एकटी त्रिशला गर्दीतून माझ्याकडं बघून हात हलवत होती. मी न पाहिल्यासारखं केलं.

मत्सर हा शब्द मी कॉलेजात आल्यावर वापरू लागलो. आमच्याकडं "जळतंय व्हय रं?" असं तोंडावर विचारतात. मला ते कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

खेळ आधी माझा होता. आठ वर्षांचा असल्यापासून मी गावच्या तालमीत जायचो. आम्ही जैन, घरात खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. सकाळी धार काढली की आई पहिला तांब्या मला द्यायची, फेसासकट. उरलेलं डेअरीला. मुलींना तालमीच्या आत यायला परवानगी नव्हती. त्रिशला बाहेरच्या कट्ट्यावर बसून दारातून जेवढं दिसेल तेवढं बघायची आणि घरी आल्यावर माझ्या मागं लागायची, "दादा, पट दाव की." पट म्हणजे झटकन खाली वाकायचं, समोरच्याच्या मांडीला हात घालायचा आणि त्याला उचलून पाडायचं. माझा तो हुकमी डाव. गोठ्याच्या मागं मी तिला तो शिकवला. शिकवताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मी नववीत असताना हायस्कूलला पी.टी.चे नवे सर आले. त्यांनी ज्युदो आणला. कारण साधं होतं. "कुस्तीला जिल्ह्यात हजार पोरं असतात, ज्युदोला वीस. मेडल बी मिळंल आणि दहावीला खेळाचे गुण बी मिळतील," सर म्हणायचे. आम्ही तालमीतली चार-पाच पोरं त्या गुणांसाठी गेलो. मुलींचा संघ करायला पोरी मिळेनात म्हणून सातवीतली त्रिशला.

ज्युदोत जाड पांढरा कोट घालतात. त्याची कॉलर आणि बाही धरायची आणि समोरच्याला पाठीवर टाकायचं. पाठ नीट लागली की कुस्तीसारखंच, खेळ तिथंच संपला. एक गोष्ट मात्र कुस्तीच्या उलटी आहे. उभ्यानं खेळताना समोरच्याच्या पायाला हात लावायचा नाही. लावला की पंच शिक्षा देतो, आणि तीन शिक्षा झाल्या की तुम्ही हरलात. आमच्यासारख्या तालमीतल्या पोरांची तिथंच गोची व्हायची. हात आपोआप खाली जायचा. अंगात ताकद असेतोवर ध्यानात राहायचं, दमलं की अंग जुनंच काहीतरी करायला लागायचं.

त्रिशलाला तर पट मीच शिकवलेला. सरांनी पहिल्याच आठवड्यात कपाळाला हात लावला. "अजित, हे तुझं काम हाय न्हवं? मग आता तूच निस्तर. हिचा हात खाली गेला की वरडायचं." मग ते माझं काम झालं. शाळेतल्या मॅट संध्याकाळी कुलपात जायच्या, म्हणून आण्णांनी गोठ्यामागं उसाचं पाचट गुडघाभर पसरून वर ताडपत्री ताणून दिली. त्यावर आम्ही रोज संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत, जेवणाआधी तासभर खेळायचो. म्हणजे ती मला पाडायची आणि मी पडायचो. शेवटच्या दहा मिनिटांत ती दमायची, हात खाली सरकायचा, आणि मी ओरडायचो, "हात वर!" पुढं पुढं एवढी सवय झाली की पलीकडच्या मळ्यातून कुणीतरी उगाच ओरडायचं, "हात वर गं तिरसले!"

माझी स्वतःची सवय मात्र मला मोडता आली नाही. बारावीला मी राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. तिसरी शिक्षा, पायाला हात. त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, दहावीतली त्रिशला तिच्या वजनगटात पहिली आली. परतीच्या गाडीत सर तिच्याशी बोलत होते आणि मी तिचा ओला कोट मांडीवर घेऊन बसलो होतो. पुढं ती राष्ट्रीय शालेय स्पर्धेत दुसरी आली आणि गावच्या चौकात फ्लेक्स लागला. तिचा फोटो बैलगाडीएवढा. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत टिकलीएवढी पंचवीस तोंडं. त्यात माझं. डेअरीचे चेअरमन आणि मंडप डेकोरेटर यांच्या मधे. फोटो माझ्या आधार कार्डावरून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा पहिला तांब्या त्रिशलाकडं गेला. आईच्या मनात काही नव्हतं. माझा खेळ राज्य स्पर्धेतच संपला होता, बारावीची परीक्षा होती. तिला खेळायचं होतं. सगळं बरोबर होतं. तरी त्या दिवसापासून मला दूध नको वाटायला लागलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

त्या उन्हाळ्यात सरांची बदली झाली, शाळा बंद, म्हणून सगळा सराव घरीच. एके दिवशी माझा घसा बसला होता. त्रिशलाचा हात खाली गेला, मी ओरडलो नाही. दुसऱ्या दिवशी घसा बरा होता. तरी ओरडलो नाही. मी असं ठरवलं होतं असं म्हणता येणार नाही, पण ठरवलं नव्हतं असंही म्हणता येणार नाही. तिचा हात माझ्या मांडीकडं येताना मला दिसायचा आणि मी गप्प राहायचो. नुसता गप्प नाही. ती पायाला हात घालून ओढायची तेव्हा मी मुद्दाम सपशेल पडायचो, म्हणजे तिला वाटावं डाव लागला. पाचटाचा आवाज व्हायचा. आण्णा गोठ्यातून म्हणायचे, "वा रं वाघीण!" तीन महिने असं चाललं. आणि जूनच्या शेवटी आम्ही दोघं स्टँडवर गेलो.

कोल्हापुरात मी आमच्या समाजाच्या बोर्डिंगात राहिलो. खोलीत चौघं, जेवण सूर्य मावळायच्या आत, भिंतीवर कपड्यांची दोरी. वर्गात प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन, इंटर्नल हे शब्द सगळ्यांना आधीच माहीत असल्यासारखे होते. मला महिनाभर कळेना की इंटर्नल म्हणजे परीक्षाच. विचारायची लाज वाटायची. घरी फोन केला की आण्णा म्हणायचे, "शिक. कागलच्या एमआयडीसीत कुठंतरी चिकटलास की आमी सुटलो." त्रिशलाला त्यांनी कुठंतरी चिकट असं कधी सांगितलं नाही.

तिचे फोन यायचे. आमच्याकडं बायका-पोरीसुद्धा "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात. दोन-तीन महिन्यांनी ती फोनवर म्हणाली, "दादा, आत्ताच जिम करून आले." मग हिंदी आलं, "मतलब", "वैसे". मग जपानी डावांची नावं. डाएटिशियन, फिजिओ, रिकव्हरी. माझा उजवा खांदा तिच्या हजारो आपट्या खाऊन अजून थंडीत ठणकतो, मी त्याला तीळतेल लावतो. तिच्या खांद्याला बर्फ लावायला वेगळा माणूस होता. एवढ्याशा गोष्टीवरूनही मी जळायचो. माझा पासपोर्ट नव्हता, आणि त्याची मला गरजही नव्हती, तरी तिच्या पासपोर्टच्या फोटोवरून जळायचो. पोलंडमधून तिनं आईला निरोप दिला होता, "इथं सूर्य रात्री नवाला मावळतोय. तवा आठला जेवलो तरी नियम मोडत नाही म्हणावं." आई ते गल्लीभर सांगत सुटली. मी दोन वर्षं नियम न मोडता सहाला जेवत होतो, त्याचं कुणी काही सांगितलं नाही.

पण पोलंड नंतरचं. तिची देशाबाहेरची पहिली स्पर्धा ताश्कंदला झाली, आम्ही घर सोडलं त्याला वर्षही झालं नव्हतं. बोर्डिंगच्या हॉलमध्ये दुपारी पोरांनी कुणाचा तरी लॅपटॉप टेबलावर ठेवला. "अज्याची बहीण हाय रं," म्हणून पंधरा-वीस जण जमले. निवेदकाला तिचं नाव उच्चारता येत नव्हतं. पहिली लढत तिनं अर्ध्या मिनिटात जिंकली. पोरांनी माझ्या पाठीवर गुद्दे घातले. दुसरी लढत लांबली, वेळ संपली, जादा वेळ सुरू झाला. दोघींनाही दोन-दोन शिक्षा. त्रिशला दमलेली दिसत होती. मग मला तिचा उजवा हात दिसला. कोटाच्या बाहीवरून सुटला आणि खाली निघाला. तो कुठं चाललाय हे त्या हॉलमध्ये मला एकट्यालाच माहीत होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. हात मांडीला लागला आणि पंचानं खेळ थांबवला.

पोरं म्हणाली, "अरारा." पहिल्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. मला गार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. ते एक-दोन सेकंदच टिकलं. त्यानंतर जे वाटलं ते अजून टिकून आहे.

तेवढ्यात आण्णांचा फोन आला. ते चिडले होते. "काय झालं रं? ती तर उभी हाय! पाठ कुठं लागली? पाठ न्हाई लागली तर हरली कशी?"

"आण्णा, पायाला हात लागला."

"मग? पायाला हात लावला तर पाप व्हय?"

"त्यांच्या खेळात चालत नाही."

"हात्तिच्या. कसला खेळ ह्यो. पाठ लागल्याबगार कुणी हरतंय व्हय!" आणि मग जरा थांबून, "तू सांगितलं न्हवतंस व्हय तिला?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मी म्हणालो, "सरांनी सांगितलं होतं."

दोन दिवसांनी त्रिशलाचा फोन आला. आवाज बसलेला. "दादा, कोच म्हणतेत, ताजी असताना सगळं बरोबर करतीस, दमलीस की हात खाली. वर्षभर बघतोय म्हणाले, ही सवय हाडात गेली आहे, कुठून लागली?" मी म्हणालो, "तालमीचं गाव आपलं. रक्तातच असतंय." ती म्हणाली, "असंल." खोटं पचलं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

त्यानंतरचं दीड वर्ष ती सवय मोडत होती आणि मी मेसेज लिहून खोडत होतो. कधी "त्रिशला, एक सांगायचंय" एवढं लिहायचो. कधी सगळं लिहायचो. ती कझाकस्तानला गेली, तुर्कस्तानला गेली, पदकं आणली, आणखी एकदा त्याच शिक्षेवर हरली. मी सुट्टीत घरी गेलो की पुढच्या सोप्यात काचेचं कपाट वाढलेलं असायचं. शाळेत वक्तृत्वात मिळालेला माझा एकमेव कप आईनं चमचे ठेवायला घेतला होता. "हाताशी बरा पडतोय," ती म्हणाली. गावातले लोक मला विचारायचे, "काय म्हणती बहीण?" ते विचारल्यावर मी काय करतो हे विचारायचं त्यांच्या ध्यानात राहायचं नाही. आई मला नृसिंहवाडीला पिटाळायची, पेढे आणायला, त्रिशलाच्या नावानं वाटायला. आम्ही जैन असलो तरी वाडीचा दत्त सगळ्यांचाच. तिथं पायऱ्यांवर बसून मी एकदा विचार केला की देवाला सांगावं. पण देवाला सांगणं फार सोपं पडलं असतं. हात त्याचा खाली जात नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर तिला चार दिवस सुट्टी मिळाली. मीही घरी होतो. ऊसतोड सुरू झाली होती आणि आण्णांनी, कुणी न सांगता, गोठ्यामागं नवं पाचट पसरून ताडपत्री ताणली होती. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्रिशला कोट घालून आली. "चल दादा. लई दिवस झालं तुला पाडलो न्हाई." घरी आली की ती पुन्हा आमच्यासारखं बोलायची.

मी उभा राहिलो. अडीच वर्षांत ती केवढी बदलली होती. पूर्वी ती मला ओढायची, आता मी कधी सुटलो हेच कळत नव्हतं. वीस वेळा पडलो असेन. तोंडात पाचटाची धूळ. मी हसत होतो, खरंच हसत होतो. मग ती दमली. मला तिचा श्वास ऐकू आला, आणि हात दिसला. बाहीवरून सुटला, खाली निघाला.

"हात वर!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. त्रिशलाचा हात हवेतच थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली.

"किती दिवसांनी म्हणालास रं हे," ती म्हणाली. हसत होती.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्याच, तिच्या कोटाची बाही हातात धरून. घसा बसल्याचा दिवस, दुसरा दिवस, मुद्दाम पडणं, सगळं. फ्लेक्सचं आणि तांब्याचंही सांगितलं, आणि सांगताना ते किती बारीक आहे हे मलाच ऐकू येत होतं.

 तिनं बाही माझ्या हातातून सोडवून घेतली. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती हळू आवाजात म्हणाली, "तू गप झालास तवा मला वाटलं, आता माझं जमतंय. म्हणून दादा वरडंना झालाय."

मी ताडपत्रीची सरकलेली कड नीट करायला लागलो.

"तीन महिने मी मनात म्हणायचो, बघ, आजबी दादा वरडला न्हाई." तिनं पट्टा सोडला. "ताश्कंदला बी हात सुटला तवा मी कान दिलतो तुझ्याकडं. काय ऐकू आलं न्हाई, म्हणून तसाच घातला."

ती आत गेली. राहिलेले दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आईनं विचारलं, "काय झालं रं दोघांत?" दोघंही काही नाही म्हणालो. निघताना मी तिची निळी बॅग उचलायला गेलो तर तिनं आधीच खांद्यावर घेतली होती. आई दह्याची वाटी घेऊन आली. तिच्या हातावर ठेवून माझ्याकडं वळली, तर मीच हात मागं घेतला.

नंतर महिनाभर मी फोन केले, तिनं उचलले नाहीत. डिसेंबरात तिची आजवरची सगळ्यात मोठी स्पर्धा होती, आशियातल्या सगळ्या देशांची. माझी पाचव्या सत्राची परीक्षा चालू होती. तिच्या लढती आणि माझा भौतिकशास्त्राचा पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी. सकाळी मी तिला एवढंच पाठवलं, "माझा पेपर आहे. बघता येणार नाही." तिनं ते वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही. मोबाईल बंद करून पिशवीत टाकला आणि पिशवी परीक्षा हॉलच्या बाहेर ठेवली.

पेपर सुटल्यावर मी लगेच मोबाईल चालू केला नाही. कॉलेजच्या मागच्या बाजूला सायकल स्टँड आहे, तिथं कठड्यावर बसलो. मला भीती तिच्या हरण्याची नव्हती. ती पुन्हा तशीच हरली तर, ही एक भीती. आणि ती हरल्याचं कळल्यावर मला पुन्हा ते गार वाटलं तर, ही दुसरी.

मॅडमनी सांगितलं होतं, शेवटी तुमच्यासाठी घर म्हणजे काय ते लिहा. मला ते नीट लिहिता येईल असं वाटत नाही. त्या कठड्यावर बसून मला एवढंच सुचलं, की आपला हात खाली चाललेला दिसला की ओरडणारी माणसं जिथं असतात ते घर. ओरडणारा गप्प झाला की त्यानं घर सोडलं, मग तो समोर उभा का असेना. असं धरलं तर मी स्टँडवर ट्रंक ओढली त्याच्या तीन महिने आधीच घर सोडलेलं होतं. कंडक्टरला, वस्तादांना, त्या दोन म्हाताऱ्यांना, कुणालाच ते दिसायचं कारण नव्हतं.

मोबाईल चालू केला. आण्णांचे तीन मिस्ड कॉल. मी लावला.

"झाला का पेपर? कसा गेला?"

"बरा गेला. आण्णा, काय झालं?"

"समदं सोडवलंस न्हवं? वेळ पुरला?"

"पुरला." हे ते दर पेपरला विचारत आले असतील. मला ऐकू त्या दिवशी आलं. "तिचं सांगा की."

"तिचं व्हय. पहिल्या दोन मारल्या. तिसरी गेली, पंचांनी दिली तिकडं. मग ते तिसऱ्या नंबरासाठी असतंय न्हवं, ते लागलं. समोर ही उंच पोरगी. मोबाईल टीव्हीला जोडलाता, आख्खी गल्ली सोप्यात. वेळ संपली, जादा टाइम लागला. आपली दमली रं. मी आपला वरडतोय, हात वर, हात वर. तुझी आई म्हणती, अवो, तिला काय हितनं ऐकू जातंय?"

"तुम्ही ओरडत होता?"

"मग! तिनंच सकाळी फोन करून सांगितलंतं. दादा पेपरात हाय, आज तुमी वरडा. गप बसू नका म्हणली."

मी कठड्यावरून उठलो आणि सायकलींच्या रांगेच्या टोकापर्यंत चालत गेलो. आण्णांना वाटलं फोन कट झाला. "हॅलो? हाईस का?"

"आहे. मग काय झालं?"

"पाठ लागली."

"कुणाची?"

"आपल्या तिरसलाची की. आडवी. त्या पोरीनं असला डाव टाकला, बघतच राहिलो. पर ह्या खेपंला समजलं मला. पाठ लागली, हरली. सरळ हाय."

मी वाट पाहिली. गार काही वाटलं नाही. तिच्यासाठी वाईट वाटलं. आणि त्याच्याखाली ते जुनं जळणं होतंच, ते गेलं असं मी लिहिणार नाही. फक्त आता ते वेगळ्याच गोष्टीवर होतं. एवढी मोठी हार, आशियातल्या पाचव्या नंबराची (ज्युदोत तिसरे नंबर दोन असतात, ते हुकलेल्या दोघी पाचव्या), आणि तिच्यात माझा काहीच वाटा नव्हता.

"ती कशी आहे?"

"फोन आलता आत्ता. रडत न्हवती. तुला निरोप दिलाय."

"काय?"

"थांब, तिनं म्हणलं तसंच सांगतो." आण्णांनी घसा साफ केला. "म्हणली, दादाला सांगा, हात एकदाबी खाली गेला न्हाई. ही हार माझी मी हरलोय."